पट्टा किती वाजता बांधला

"तुझं आडनाव काय रे?"

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरनं मला एवढंच विचारलं. पेशंटबद्दल एक शब्द नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी ॲम्ब्युलन्सवर स्ट्रेचर उचलायच्या कामाला होतो. वाडीच्या गोदामापाशी रामाजी हमालाच्या पायावरून ट्रकचं चाक गेलं. रक्त थांबेना, म्हणून मी माझ्या कमरेचा पट्टा काढून त्याच्या मांडीला आवळला. साडेदहा वाजले होते. असा पट्टा फार वेळ राहिला तर पाय मरतो, हे आम्हाला शिकवलं होतं. तेच डॉक्टरला सांगत होतो.

मी आडनाव सांगितलं. डॉक्टर हसला.

"म्हणजे आता तुम्ही लोक आम्हाला डॉक्टरकी शिकवणार? स्ट्रेचर ठेव. आणि फरशीवर रक्त सांडलंय, ते पूस आधी."

मी पुसलं. गुडघे टेकून. पुसता पुसता पुन्हा म्हणालो, "साहेब, चादरीखाली पट्टा हाय. साडेदहाले बांधला." कोणी मान वळवली नाही. रामाजीला व्हरांड्यात सरकवलं, मला बाहेर काढलं.

चादर उचलली दुपारी तीनला. पाय कापावा लागला. कागदावर लिहिलं, पेशंट उशिरा आणला. चोराच्या उलट्या बोंबा!

चार दिवसांनी वॉर्डात गेलो. रामाजीनं विचारलं, "तुमी त्यायले पट्ट्याचं सांगतलं नाही काय गा?"

सांगितलं तर होतं. पण गुडघ्यावर बसून सांगितलं होतं. डॉक्टरपेक्षा माझीच मला जास्त चीड आली.

महिन्याभरानं कळमन्याहून एक बाई आणली. दंड फाटलेला, वर पट्टा. समोर तोच डॉक्टर.

"ठेव."

पुढचे दांडे ड्रायव्हर शामरावच्या हातात, मागचे माझ्या.

"नाही ठेवत. आधी लिवा. पट्टा सव्वानऊले बांधला."

"नोकरी घालवीन तुझी!"

"घालवा. पण आधी लिवा."

शामराव माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी बी नाही ठेवत." डॉक्टरनं शिव्या देत देत पेन काढलं. लिहिलं. मी वाचून दाखवायला लावलं, मगच स्ट्रेचर खाली ठेवलं. बाईचा पट्टा तिथल्या तिथे बघितला गेला.

आठवड्यानं मेमो आला. उद्धट वर्तन. मी सही केली आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसाच उभा राहिलो.

आडनाव नंतर विचारा. आधी वेळ लिहा. तोवर माझ्या हातातलं स्ट्रेचर खाली येणार नाही.