मुरवलेलं औषध

कापड रंगवण्याच्या कारखान्यातून निवृत्त झाला तरी रंगाऱ्याच्या नखांच्या कडा निळसरच राहिल्या होत्या. मूत्राशयातली कर्करोगाची गाठ पहिल्यांदा कापून काढली, तेव्हा त्यानं ते दुखणं एखादं काम हातावेगळं करावं तसं मनातून काढून टाकलं. पण पुढच्या तपासणीत कॅमेऱ्यानं पुन्हा दोन छोटे कोंब दाखवले. डॉक्टरीणबाईंनी ते खरवडून काढले आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "आता दर आठवड्याला मूत्राशयातच औषध सोडायचं. तरीही परत उगवलं, तर मूत्राशय काढावं लागेल. मग पोटावर लघवीची पिशवी."

पिशवी हा शब्द त्याच्या कानात रुतून बसला.

पहिल्या दिवशी सिस्टरनं बारीक नळी घातली. रंगारी छताकडे बघत होता. औषधाची सिरिंज दिसली आणि तो कोपरावर उठला. "जांभळं आहे की हो!"

"हलू नका, काका," सिस्टर म्हणाली. नळी काढल्यावर तिनं बजावलं, "घरी जाऊन पडून राहा, कुशी बदलत राहा. दोन तासांनी बसून लघवी करा, मग भरपूर पाणी प्या."

घरी तो पलंगावर आडवा झाला. उजवी कूस, डावी कूस, मग पालथा. हौदातलं कापड काठीनं असंच तर फिरवायचं असतं, नाहीतर रंग डागाडागानं बसतो. हे त्याला नीट कळत होतं, आणि घोळ तिथेच झाला. दोन तास झाले तसं बायकोनं विचारलं, "अहो, जाऊन आलात का?"

"आलो," तो खोटंच म्हणाला.

गडद रंग हवा असेल तर कापड मुरू द्यावं लागतं, हे त्याच्या हाडात भिनलेलं. औषधही मुरलं तर कोंब मुळापासून जातील, पिशवी टळेल. पाण्याचा भरलेला तांब्या त्यानं पलंगाखाली सरकवला आणि दात आवळून पडून राहिला. संध्याकाळ झाली तेव्हा मात्र त्याला घाम फुटला. कसाबसा उठून तो मोरीत गेला, आणि विस्तव सांडावा तशी आग झाली. बायको दाराबाहेरून विचारत राहिली. त्यानं कण्हत कण्हत सगळं कबूल केलं.

"जन्मभर कापडं रंगवलीत, आता मूत्राशय रंगवायला निघालात!" ती म्हणाली. पण लगेच पलंगाखालचा तांब्या ओढून घेऊन आली.

आठवडाभर त्याला दर थोड्या वेळानं उठावं लागलं. लघवीत रक्ताची झाक होती. डॉक्टरीणबाईंनी पुढचा डोस लांबणीवर टाकला. "जास्त ठेवून जास्त गुण येत नाही, काका. चांगलं अस्तर तेवढं भाजतं. असंच केलंत तर औषध बंद करावं लागेल. मग पुढचं तुम्हाला ठाऊक आहे."

 उकळत्या हौदात विसरलेलं कापड रंगाऱ्यानं पाहिलं होतं. रंग झकास, आणि हातात घेतलं की टरकन फाटणारं. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, असं त्याला वाटलं. भीतीनं सुचू दिलं नव्हतं.

आग शमल्यावर औषध पुन्हा सुरू झालं. यावेळी बायको खोलीतच खुर्ची टाकून बसली.

"झाले दोन तास. उठा."

"अगं, थोडं अजून..."

"उठा म्हणते ना!"

तो उठला. मोरीत बसल्यावरही काही क्षण त्यानं धरून ठेवलं. औषध आत होतं तोवर कुणीतरी आपल्या बाजूनं लढत होतं. आता ते निघून जाणार, आणि पुढच्या डोसपर्यंत आपण एकटे. मग त्यानं सोडून दिलं, हात धुतले आणि बाहेर येऊन पाण्याचा पेला एका दमात संपवला.

"दर वेळी तूच उठव मला," तो म्हणाला. "माझं मला सुटत नाही ते."

"उठवीन की," बायको पुन्हा पेला भरत म्हणाली. "शेजारीपण उठतील, एवढ्या मोठ्यानं ओरडेन."