लसवंतांची पार्टी आणि बिनसाखरेचा चहा

दोन्ही डोस घेतलेल्यांनी आता मास्क काढला तरी चालेल, असं सरकारनं जाहीर केलं, त्या संध्याकाळी आमच्या जर्सी सिटीच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टमध्ये एक गृहस्थ भेटले. वर्षभर हे महाशय लिफ्टमध्ये भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, बटण कोपरानं दाबायचे आणि दुसरं कोणी आत आलं की पुढच्या मजल्यावर उतरून जिना धरायचे. त्या दिवशी सगळे दात दाखवत मला म्हणाले, "वी आर फ्री!" आणि तिथल्या तिथे खणखणीत शिंकले. मी पुढच्या मजल्यावर उतरून जिना धरला.

तर असा आमचा स्वातंत्र्यदिन. ऑफिसातले लोक लगेच फ्लोरिडाची तिकिटं काढायला लागले. माझा नवरा श्रीरंग म्हणाला, "चल, कुठेतरी समुद्रावर जाऊ." मी म्हटलं, डब्लिनला जायचंय.

"आयर्लंड?" त्याचे डोळे चमकले.

"ओहायो."

डब्लिन, ओहायो हे कोलंबस शहराचं एक उपनगर. फिरायला म्हणून तिथे कोणी जात नाही आणि मीही गेले नसते. पण तिथे माझा मावसभाऊ मंदार राहतो, आणि त्याच्याकडे वत्सलामावशी होती. मागच्या वर्षी लॉकडाऊनच्या तोंडावर ती लेकाकडे चार महिन्यांसाठी आली आणि अडकली. काका नागपूरला एकटे. या एप्रिलमध्ये ते तिकडे हॉस्पिटलमध्ये गेले ते परत आलेच नाहीत. पुतण्यानं अग्नी दिला आणि मावशीनं तो फोनवर पाहिला. मीही पाहिला, माझ्या फोनवर.

आमच्याकडे रीत अशी की तेरावं झालं की माहेरची माणसं येतात, त्या घरच्या चुलीवर गोडाचं करतात आणि बाईला पहिला घास भरवतात. तोवर ती गोड खात नाही आणि कोणाच्या दारातही जात नाही. माझी आई गेल्यापासून मावशीचं माहेर म्हणजे अमरावतीतले एक थकलेले मामा आणि अमेरिकेत मी. जून आला तरी मावशीकडे कोणी पोचलं नव्हतं. मी रव्याचं पाकीट, तूप आणि वेलदोडे पिशवीत भरले.

ज्यांना हा रस्ता करायचाय त्यांच्यासाठी: एका दमात जाऊ नका, मध्ये स्टेट कॉलेजला मुक्काम करा. न्यू जर्सी संपेपर्यंत ट्रॅफिक डोकं खातं, मग ऐंशी नंबरचा हायवे पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात शिरतो आणि तासन्‌तास झाडं, ट्रक आणि हरणांपासून सावध करणाऱ्या पाट्या. टोलचा टॅग नसेल तर बिल घरी येतं आणि जास्त येतं. खायला दशम्या आणि लिंबाचं लोणचं न्या, कारण वाटेत बर्गरशिवाय काही मिळत नाही. एका पेट्रोल पंपावरच्या दुकानाच्या दारावर पाटी होती: लस घेतलेल्यांना मास्कची सक्ती नाही, बाकीच्यांनी कृपया घालावा. आत एकाच्याही तोंडावर मास्क नव्हता. मी गल्ल्यावरच्या बाईंना विचारलं, "सगळ्यांनी घेतलीय लस?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "इथे? हनी, माझ्या नवऱ्यानंही नाही घेतली." या देशाचा माणसाच्या सचोटीवर फार विश्वास आहे. जाहीर करण्यापुरता तरी.

स्टेट कॉलेजला सायली राहते. नागपूरला मावशीच्या आणि आमच्या गल्लीतल्या शेजाऱ्यांची नात, मटेरियल सायन्समध्ये पीएचडी करते, आणखी दोन मुलींबरोबर अपार्टमेंट शेअर करते. कॅम्पसच्या बस फुकट आहेत आणि युनिव्हर्सिटीच्या डेअरीचं आइस्क्रीम खाल्ल्याशिवाय गाव सोडू नये असं म्हणतात. रांग लांब होती, लावली. सायलीनं आम्हाला घेऊन दिलं, स्वतः घेतलं नाही.

"डाएट?" श्रीरंगनं विचारलं.

"नाही काका. आजोबा गेले ना एप्रिलमध्ये. मग मी गोड सोडलंय. आई म्हणाली कोणीतरी येऊन भरवायला लागतं. इथे कोण येणार यार?"

आजोबा गेले त्या दिवशी तिच्या मैत्रिणींनी पिझ्झा मागवला होता आणि प्रोफेसरांनी ईमेलमध्ये 'टेक केअर' लिहिलं होतं. मी तिला पार्किंग किती वाजेपर्यंत चालतं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी पिट्सबर्गवरून सत्तर नंबरचा हायवे. मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचा एवढासा तुकडा लागतो, डुलकी लागली तर दिसतही नाही. मग सपाट ओहायो. डब्लिनमध्ये घरं मोठी, हिरवळी त्याहून मोठ्या, आणि प्रत्येक तिसऱ्या दारात आपल्याकडची चप्पल.

मंदारच्या दारात मात्र चपलांचा ढीग होता. मी श्रीरंगकडे पाहिलं, श्रीरंगनं माझ्याकडे. क्षणभर वाटलं, शेवटी लोक मावशीला भेटायला आलेत. तेवढ्यात आतून ढोलकीचं रीमिक्स ऐकू आलं.

मंदारची बायको केतकी दारात आली. हातात हिरव्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा. "मीनलताई, यू मेड इट! कार्ड दाखवा ना प्लीज, सगळ्यांचंच बघतोय. फुल्ली व्हॅक्सिनेटेड पार्टी आहे. सव्वा वर्षानं लोक भेटतायत, सो एक्सायटेड!" आमची कार्डं पाहून तिनं आमच्या मनगटांवर पट्ट्या बांधल्या. गाईगुरांच्या कानाला बिल्ला मारतात, त्याची आठवण झाली.

मागच्या डेकवर सगळं डब्लिन जमलं होतं. कोणी कुठल्या कंपनीची लस घेतली यावरून आपोआप कंपू पडले होते. एका कंपनीवाल्यांना दुसऱ्या डोसनंतर ताप आला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या कंपनीवाल्यांना काहीच झालं नव्हतं आणि त्यांना त्याचा अभिमान होता. एकाच डोसची लस घेतलेलं एक जोडपं कोपऱ्यात आपापली पाणीपुरी खात होतं. मराठी मंडळाच्या माजी अध्यक्षांनी पहिल्या डोसनंतरच हौसेनं कार्ड लॅमिनेट करून आणलं होतं, त्यामुळे नर्सला दुसरा डोस त्यावर लिहिताच आला नव्हता. पण ते माजी अध्यक्ष, म्हणून पट्टी मिळाली होती.

"मावशी कुठंय?" मी मंदारला विचारलं.

"आई ना, बेसमेंटमध्ये आहे. खूप कम्फर्टेबल आहे तिथे, टीव्ही, बाथरूम, सगळं. ॲक्चुअली तिचे दोन आठवडे व्हायचेत. टेक्निकली ती फुल्ली व्हॅक्सिनेटेड नाही ना."

एप्रिलमध्ये ज्या आठवड्यात मावशीचा दुसरा डोस होता, त्याच आठवड्यात काका गेले. ती कशाला जाते डोस घ्यायला? तो आता कुठे चार दिवसांपूर्वी मिळाला होता. हिरवळीवर सात-आठ पोरं किंचाळत पळत होती, एकमेकांचे चमचे चाटत होती. त्यांच्या वयाला तर लसच निघाली नव्हती.

"आणि ही?"

"मुलांचं वेगळं असतं गं ताई," मंदार म्हणाला आणि पनीर टिक्का उलटायला गेला.

बेसमेंटमध्ये मावशी पांढऱ्या सोफ्यावर बसली होती. तोंडाला मास्क. एकटीच, तरी मास्क. डोक्यावर छताला पार्टीचे पाय वाजत होते. तिनं मला पाहिलं आणि उठायच्या आधीच तिचे डोळे भरले.

"आली का गं पोरी? आणि लांबून काय पाहून राहिली?"

मी तिला मिठी मारली. किती वेळ ते सांगत नाही. कागदी पट्टी भिजून सुटून पडली.

वरच्या त्या सगळ्या हिरव्या पट्टीवाल्यांनी एप्रिलमध्ये व्हॉट्सॲपवर हात जोडले होते. आता जिन्याच्या खाली मावशी होती, मास्क घालून येता आलं असतं. एकही जण उतरला नाही. रडणारी म्हातारी पार्टीला बरी दिसत नाही, बाकी व्हायरसचं निमित्त. मला इतका संताप आला की वर जाऊन ती ढोलकी बंद करावीशी वाटली.

मी वर गेले ते शिरा करायला. स्वयंपाकघरात ट्रेवर ट्रे.

"शिरा? अगं ताई, गुलाबजाम आहेत ना केटरिंगचे," केतकी म्हणाली. "पण आई खाणार नाहीत. त्यांनी शुगर टोटली कट केलीय. चहा पण बिनसाखरेचा, दोन महिने झाले! मी तर सगळ्यांना सांगते, या वयात एवढं विलपॉवर!"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती, खरंच कौतुक होतं. ज्या बाईचा नवरा गेला तिचा दुखवटा या घरात डाएट म्हणून चालला होता, आणि कोणी तिला फिटनेस ॲप डाउनलोड करून दिलं नव्हतं एवढंच.

पाहुणे गेल्यावर संध्याकाळी मी कढई ठेवली. मावशी बेसमेंटमधून वर आली, ओट्याशी उभी राहिली आणि गॅस बंद केला.

"इथे नको."

"का गं मावशी? मी त्याच्यासाठीच आले."

"ज्या घरात दुखवटा कोणी पाळलाच नाही, तिथे तो काढायचा कशाला?" आवाज चढला नव्हता. "मला तुझ्यासंग घेऊन चल."

सकाळी मंदार गाडीच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "ताई, रिस्क आहे. शी इज नॉट फुल्ली..." श्रीरंग एरवी कोणाला दुखवत नाही. तो मागच्या सीटवरची उशी मावशीच्या पाठीला लावत होता. तो म्हणाला, "मंदार, बेसमेंटपेक्षा गाडीत हवा बरी आहे."

डब्लिनला गेलात तर काँक्रीटची कणसं पाहा. एका मैदानात माणसाहून उंच, पांढरी, ओळीनं उभी केलेली कणसं, तिकीट नाही. मावशी सव्वा वर्ष या गावात राहिली, ती तिथून दहा मिनिटांवर, पण तिनं पाहिली नव्हती. तिनं खाली उतरून एका कणसाला हात लावला. "खायला नाही, भाजायला नाही, एवढी कशाला पेरून ठेवली बाप्पा?" असं म्हणाली आणि आम्ही आल्यापासून पहिल्यांदा हसली.

वाटेत मी तिला सायलीबद्दल सांगितलं. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोट्टीला कोणी भेटायला गेलं?"

"मी होते ना परवा."

"मग काय बोललीस?"

मी श्रीरंगला एक्झिट कुठली ते सांगायला लागले. "तिच्याकडेच थांबव," मावशी म्हणाली, "दुखवट्याच्या दारात जायला हरकत नाही."

स्टेट कॉलेजच्या त्या अपार्टमेंटमध्ये एकच धड पातेलं होतं आणि चमच्यांवर कॅफेटेरियाचं नाव. त्या छोट्या स्वयंपाकघरात मी रवा भाजला, सायलीनं दूध तापवलं. कोणाचे किती डोस झालेत हे तिथे कोणी विचारलं नाही. मावशीला विचारायचं सुचलं नाही आणि मुली खिडक्या उघडण्यात गुंतल्या होत्या. मी पहिला घास मावशीला भरवला. तिनं तो खूप वेळ तोंडात धरला. मग तिनं बशी हातात घेतली आणि सायलीला समोर बसवलं.

"आजोबांचं नाव काय गं तुझ्या?"

"वामनराव."

"मी ओळखत होती त्यांना. सकाळी गच्चीवरून पेपर मोठ्यानं वाचायचे, सगळ्या गल्लीला ऐकू जायचा. आमचे हे म्हणायचे, पेपरचे पैसे वाचले." मावशीनं घास पुढे केला. "घे. तुझ्या घरची समज मला."

सायली तो घास तोंडात घेऊनच रडायला लागली. तिच्या मैत्रिणी दारात उभ्या होत्या, एक तेलुगू आणि एक चिनी. त्यांना काही कळलं नसावं, पण त्या आत येऊन शेजारी जमिनीवर बसल्या. एवढं डब्लिनच्या डेकवर कोणाला जमलं नव्हतं.

आता आम्ही घरी आहोत. येताना टोलचे पैसे जास्त गेले, गाडीला वेलदोड्याचा वास लागलाय आणि श्रीरंगला अजून समुद्र पाहायचाय. लिफ्टमधले गृहस्थ पुन्हा मास्क घालतात, त्यांना सर्दी झालीय. प्रवासातून काय राहिलं म्हणाल, तर मावशी राहिली. खिडकीशी बसून मॅनहॅटनला जाणाऱ्या गाड्या पाहते, दुपारी खालच्या बाकावर जाऊन येते आणि आल्यावर कोण कोण भेटलं ते सांगते. इंग्रजी येत नाही, तरी तिला सगळ्यांची माहिती असते.

काल मंदारचा फोन आला. स्पीकरवर होता. "आई, गुड न्यूज! मी कॅल्क्युलेट केलं, आज तुझे दोन आठवडे कम्प्लीट. यू आर फुल्ली व्हॅक्सिनेटेड! आता घरी ये. वर, आमच्यात."

मावशीनं फोन जवळ घेतला.

"माझे दिवस झाले रे," ती म्हणाली. "तुमचे व्हायचेत. बापाचे. ते झाले की फोन कर."

मावशीनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चहा टाक गं. साखर जरा सढळ हातानं."