दर्शनाचे वाकडे रेणू

भाट्ये गावची दर्शना मयेकर म्हणजे घाईचं दुसरं नाव. भाजी चिरताना हिचं लक्ष कढईत, कढई तापली की हिचं लक्ष दारात. अशा बाईने रत्नागिरीच्या कॉलेजात शिकवता शिकवता पीएच.डी.ला विषय घेतला तो द्रवस्फटिकांचा! धड घन नाही, धड द्रव नाही, असं मधेच रेंगाळणारं पदार्थाचं रूप. त्यात हिचे रेणू केळ्यासारखे वाकडे: मध्ये एक कडी, दोन बाजूंना दोन लांब हात. असे रेणू दाटीवाटीने बसले की सगळ्यांचा बाक एका दिशेला येतो आणि विजेच्या इशाऱ्यावर ते एकदम फिरतात. निदान पुस्तकात तरी.

दर्शनाचे रेणू मात्र हट्टी. कडीला वेगळे हात जोडून नवं संयुग करायचं, अल्कोहोलातून शुद्ध करायचं, कणभर काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली तापवायचं. दर वेळी स्फटिक वितळून थेट द्रव व्हायचा आणि भिंगाखाली मधल्या रूपाच्या रंगांऐवजी नुसता काळोख दिसायचा. मग ही चरफडत गरम पट्टी पुसून टाकायची.

"आज हे संयुगही गेलं तर विषय बदलू," तिचे मार्गदर्शक गुरुप्रसाद सर म्हणाले. म्हणजे इतक्या वर्षांची मेहनत पाण्यात!

तेही गेलं. काळोख. तिने हीटर बंद केला, पट्टी उचलणार तोच आईचा, विमलाबाईंचा फोन.

"काय गो, बाबांनी बांगडे आणलेत. तिखलं करू की तळू?"

बांगड्यांवरून विमलाबाई शेजारच्या सखूकाकीच्या नव्या सुनेवर घसरल्या. एरवी दर्शनाने फोन केव्हाच आटोपला असता. पण आता घाई कशाची करायची? ती ऐकत राहिली.

फोन ठेवल्यावर तिने सहज भिंगाला डोळा लावला. काळोखात निळे-पिवळे रंग पसरत चालले होते. मधलं रूप! तापताना नव्हे, निवताना आलेलं.

"सर!" ती अशी ओरडली की सर हातातल्या चहासकट धावत आले. त्यांनी डोळा लावला तो उचलेनात.

"आधीची संयुगं निवताना पाहिलीस?"

"नाही. गरम असतानाच पुसली."

"धन्य आहेस! आता सगळी पुन्हा बघ. पहिल्यापासून, सावकाश."

"म्हणजे विषय बदलायचा नाही?"

"बदलतेस कसला!"

आयुष्यात कुठलंच काम दुसऱ्यांदा न केलेली दर्शना डोळे पुसत, हसत हसत पहिल्या संयुगाची पट्टी तयार करायला बसली.