एकशे साठ डाव्या बाह्या

माझ्या मोठ्या मावशीशी वाद घालायची घरात कुणाची टाप नव्हती. एकोणीस वर्षं ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कटिंग मशीनवर होती. ऐंशी थरांचं कापड एका दमात कापायची, आणि एक सूत इकडचं तिकडे होत नसे. तिचं हे नाव फूटपट्टीने धुळीला मिळवलं.

फूटपट्टी म्हणजे कापडावर खुणा करणारा तिचा सहकारी. उंच, किडकिडीत, आणि चर्चमध्ये आमच्या पुढच्याच बाकावर डोळे मिटून गाणारा. बाहीच्या आकाराचा पुठ्ठा कापडावर ठेवून एकदा आखला की दुसऱ्यांदा उलटा करून आखायचा असतो, नाहीतर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात. मावशी जेवायला गेली असताना हा शहाणा पुठ्ठा उलटायला विसरला. तिने विश्वासाने कापलं. एकशे साठ बाह्या, सगळ्या डाव्या! साहेब आले तेव्हा हा म्हणाला, "खुणा बाईंनीच केल्या होत्या." मावशीची रवानगी धागे तोडायच्या टेबलावर झाली, जिथे कालपरवा लागलेल्या मुली बसतात.

पुढच्या रविवारी पाळकांनी क्षमेवर प्रवचन दिलं. मावशीने त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. भाऊ चुकला तर आधी त्याला एकांतात सांगा. ऐकलं नाही तर साक्षीदार न्या. तरीही नाही तर सगळ्या मंडळीपुढे मांडा. पहिल्या दोन पायऱ्यांत तिला काडीचा रस नव्हता. तो मंडळीपुढे मान खाली घालून उभा राहिलेला तिला बघायचा होता. खरं सांगते, मलाही.

शनिवारी पाळी सुटताना तो दमून चिडलेला असणार हे हेरून तिने त्याला जिन्यात गाठलं. तो कानांवर हात ठेवणार याची तिला खात्री होती.

तो म्हणाला, "चूक माझीच, बाई. नोकरी जाईल म्हणून घाबरलो. सोमवारी साहेबांना सांगतो. मला माफ करा."

मावशी घरी आली आणि भांडी आपटायला लागली. हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

"काय म्हणाला?" आईने विचारलं.

"साफ नाही म्हणाला! उद्या तू आणि पाळक चला साक्षीला."

पुढचं मला आईकडून कळलं. रविवारी दुपारी तिघं त्याच्या खोलीवर गेले. खुर्च्या दोनच, म्हणून आई उभी राहिली. पाळकांनी विचारलं, "भाऊ, बाई म्हणतात ते खरं आहे?"

"खरं आहे."

"मग काल 'नाही' का म्हणालात?"

त्याने मावशीकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काल धीर झाला नाही," तो म्हणाला.

परतताना पाळक चार पावलं पुढे होते. मावशी दात खात म्हणाली, "माझ्यावर उपकार करतो, मेला!"

आई थांबली. "कसले उपकार? ताई, तो काल कबूल झाला होता ना?"

मावशीने पुढे चाललेल्या पाळकांकडे पाहिलं.

"पाळकांना आत्ता हाक मारू शकते मी. मारत नाही, कारण तू माझी बहीण आहेस. एकटीला सांगतेय. खोटं तू बोललीस आणि बोल त्याने स्वतःवर घेतला. परत जा."

"आणि नाही गेले तर?"

"तर उद्या पाळकांना घेऊन मी तुझ्यासमोर येईन."

मावशीने आईला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते प्रभूलाच ठाऊक. पण ती गेली; आई जिन्याखाली थांबली. दाराबाहेरूनच म्हणाली, "मी खोटं बोलले. माफ करा."

"केलं, बाई," तो लगेच म्हणाला, आणि दार धरून तसाच उभा राहिला. शनिवारी त्यानेही माफी मागितली होती; आता बोलायची पाळी तिची होती. हे दोघांनाही कळत होतं.

"मी अजून केलेलं नाही," मावशी म्हणाली आणि जिना उतरून आली.