तळातला दाणा

अंबरनाथच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर म्हणजे उंटावरचे शहाणे. विठ्ठलवाडीहून कोट चढवून यायचे आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधीच फळ्यावर निरीक्षण लिहून टाकायचे. अनुमानसुद्धा. आम्ही ते प्रयोगवहीत उतरवायचं आणि मग भांड्याकडे बघायचं, बघितलंच तर.

एकदा प्रयोग होता तीन वालांचा. एका पट्टीला तीन वाल बांधायचे: एक पाण्याच्या वर, एक पाण्याला टेकलेला, एक तळाशी. मधला उगवतो, तळातल्याला हवा मिळत नाही, म्हणून तो उगवत नाही. शाळेतले वाल किडलेले निघाले. सर म्हणाले, घरून कुठलंही बी आणा, बी ते बी. माझ्या शेजारची मुलगी बदलापूरपलीकडच्या पाड्यावरून यायची. तिनं भाताचे दाणे आणले.

चार-पाच दिवसांनी बघतो तर तळातल्या दाण्यालाही पांढरा मोड. हातच्या कांकणाला आरसा कशाला? तिनं वहीत तसंच लिहिलं. सरांनी दाणा बाहेर काढला, नखानं मोड खुडला आणि म्हणाले, "आता लिही. उगवला नाही."

"पण सर, उगवलाय. आमच्या खाचरात पण पाण्याखाली असाच उगवतो."

"तुझं खाचर पेपर तपासणार आहे का?"

वहीवर सही नाही, तर एस.एस.सी.ला बसणं नाही. तिला नर्स व्हायचं होतं, आणि यंदा परीक्षा चुकली की घरचे लग्न लावून देणार, हे तिनंच मला सांगितलं होतं. तरी ती लिहीना.

मला त्या माणसाची किळस आली. आजही येते. खोटारडा असता तर एक वेळ चाललं असतं. पण हा गाढव मनापासून मानायचा की पुस्तकात असतं ते विज्ञान आणि भांड्यात दिसते ती चूक. मी तरी काय दिवे लावले म्हणा. फळ्यावरचं वालाचं निरीक्षण उतरवून सही घेतली आणि गप्प बसले.

शेवटी तिच्या बापाला बोलावणं गेलं. टोपी हातात धरून तो वर्गाच्या दाराशी उभा राहिला. म्हणाला, "लिव गं बाय, मास्तर सांगतात तसं."

तिनं ओळ खोडली आणि सर सांगतील तसं लिहिलं. सही मिळाली.

पुढचे सगळे प्रयोग तिनं फळ्यावरून उतरवले, भांड्याकडे एकदाही न बघता. सर वर्गाला म्हणाले, "बघा, ही पोरगी कशी सुधारली."