रागातच गेले प्रभूच्या मेजाशी

विश्वासाबद्दल कुणी मला चार गोष्टी शिकवायला आलं की आता माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. मी नगरच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढलेली बाई. प्रार्थना मला वेगळी शिकावी लागली नाही, ती घरातच होती, मीठ-तेलासारखी. लग्नानंतर ह्यांच्या केंद्र सरकारच्या नोकरीपायी दिल्लीला आले, तिथल्याच द्वारका भागात घर झालं, आणि पुढे ह्यांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हासुद्धा मी देवाला जाब विचारला नाही. माझी किडनी जुळली, मी दिली, संपला विषय. डॉक्टरांनी एकच बजावलं होतं. दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते, शरीर तिला हुसकून लावायला बघतं, म्हणून गोळ्या जन्मभर घ्यायच्या आणि एकही वेळ चुकवायची नाही. बरीच वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

मग ह्या उन्हाळ्यात ह्यांच्या एका मित्रानं त्यांना फरीदाबादला चंगाई सभेला नेलं, नुसत्या प्रार्थनेनं आजार बरे करतो म्हणतात तिथे. बँक्वेट हॉल, कानठळ्या बसवणारे स्पीकर, आणि स्टेजवर सुटाबुटात घामाघूम झालेला एक प्रचारक. त्यानं म्हणे ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाहीर करून टाकलं, तुम्ही पूर्ण बरे झालात, आता गोळी खाणं म्हणजे प्रभूवर शंका घेणं. पुढच्या सभेत स्टेजवर येऊन साक्ष द्या. आणि आमचे हे! जन्मभर दुसऱ्यांच्या फायलींत चुका काढणारा माणूस, घरी येऊन गोळ्यांचा डबा कपाटात ठेवून मोकळा. "अगं, विश्वासाला परीक्षा द्यावी लागते," मला म्हणाले. मी म्हटलं, "परीक्षा तुमची आणि किडनी माझी? वा रे वा!"

मी काय काय नाही केलं? रडले, भांडले, अबोला धरला. गोळी वरणात कालवून घालावी असंही मनात आलं. हॉस्पिटलात फोन केला, तिथली सिस्टर घाबरून म्हणाली, आत्ताच्या आत्ता घेऊन या. हे जागचे हलायला तयार नाहीत. शेवटी त्या प्रचारकाला, त्या उंटावरच्या शहाण्याला, फोन लावला. तो मधाळ आवाजात म्हणतो कसा, "सिस्टर, आपका अविश्वास ही रुकावट है।" म्हणजे उद्या ह्यांचं काही बरंवाईट झालं तर तेही माझ्याच माथी! मी फोन आपटला. रागाचं एक असतं, तो निदान कळतो. पण त्याच्या मागून एक बारीक शंका आली, ती फार वाईट होती. खरंच माझाच विश्वास तोकडा असला तर? प्रभूला ह्यांना बरं करायचं असेल आणि मीच आडवी येत असेन तर? प्रार्थनेला गुडघे टेकले तर शब्दच येईना. तुझ्या नावानं कुणीही उठावं आणि काहीही सांगावं, आणि तू मूग गिळून बसावंस, हे कुठलं रे तुझं न्यायीपण? एवढंच म्हणून उठले.

रविवारी आम्ही दोघं आमच्या नेहमीच्या चर्चला गेलो, एकमेकांशी न बोलता. त्या दिवशी प्रभुभोजन होतं, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून वेदीपुढे भाकरी घ्यायचा विधी. मनात कुणाबद्दल अढी असेल तर आधी समेट करावा, मगच भाकरीला हात लावावा, ह्या वळणात आम्ही लहानाचे मोठे झालो. माझी अढी तर ह्यांच्याशीही आणि ज्याचं जेवण त्याच्याशीही. आमचा बाक उठला, हे पुढे जाऊन रांगेत उभे राहिले, मी बसून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा बसून राहिले, आणि ते फार एकटं वाटलं.

पुढच्या बाकावरची एक म्हातारी प्रभुभोजन घेऊन परतली आणि माझ्यापाशी थांबली. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. पानिपतहून मुलीकडे आलीय, असं ती मघाशी दाराशी कुणाला तरी सांगत होती, तेवढंच कानावर आलेलं. "क्यों बेटी, नहीं जाना?" तिनं विचारलं. मी फटकन म्हटलं, "गुस्से में हूँ।" वाटलं, आता ही दोन वचनं ऐकवणार. तर ती म्हणाली, "तो गुस्से में ही जाओ। उसने भूखों को बुलाया है, अच्छे मूडवालों को थोड़े ही।" आणि दंडाला धरून तिनं मला उठवलंच की! काय ताकद होती त्या हातात. मी रांगेत ह्यांच्या मागे ढकलली गेले आणि वेदीपुढे ह्यांच्या शेजारीच गुडघ्यावर आले.

पाद्रीसाहेब भाकरी देत येत होते. त्यानं आपलं शरीर तुमच्यासाठी दिलं, असं प्रत्येकाला हिंदीत सांगत होते. आमच्यापाशी आले, तेच म्हणाले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मीही दिलंय. तुम्ही ते फेकून देताय." हळू म्हणायचं होतं, पण माझा आवाज! पाद्रीसाहेबांना मराठी येत नाही, तरी त्यांचा हात क्षणभर थांबला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी भाकरी घेतली, मागोमाग मीही. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "चल, घरी जाऊन आधी गोळी घेतो."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरांनी ह्यांना असं झापलं की माझं अर्धं काम झालं. रक्ताचा रिपोर्ट बिघडला होता, पण वेळेत आलात म्हणाले, आणि औषधांनी तो हळूहळू ताळ्यावर आला. त्या म्हातारीचे आभार मानायला मी पुढच्या रविवारी तिला शोधलं. ती कुणाकडे आली होती ते कुणालाच सांगता आलं नाही. मी त्याचा काही अर्थ लावत बसत नाही. मला उठवायला कुणीतरी हवं होतं आणि ती आली, एवढं मला पुरतं. समर्पण म्हणजे तोंड मिटून सोसणं, असं मी इतकी वर्षं समजत होते. रागानं धुमसतानाही त्याच्याच दारी जाऊन बसणं, हेही समर्पणच, हे ह्या वयात उमगलं.

परवा त्या प्रचारकाचा फोन आला, साक्षीची आठवण द्यायला. मी स्वयंपाकघरात कणीक मळत होते, कान अर्थातच बाहेर. हे शांतपणे म्हणाले, "भाईसाहब, निशान हम दोनों के पेट पर है। मेरी चंगाई उसी दिन हो गई थी। यही साक्ष है, स्टेज पर बोलने दोगे?" पलीकडून फोन बंद झाला. माझे डोळे भरून आले. पिठाच्या हातांनीच मी प्रभूला म्हटलं, तुझे उपकार कसे फेडू? आणि त्या माणसावरचा माझा राग अजून गेलेला नाही, तेवढं आता तूच बघ.