धाऊचं बाहेरचं तोंड

शहापूरच्या एस.टी. स्टँडासमोर एक मिसळीचं हॉटेल आहे. धाऊ दारात दिसला की हॉटेलचा मालक आधी पाण्याचा ग्लास पुन्हा धुऊन घेतो, कारण धाऊ पाण्यापासून सुरुवात करतो. तानसा धरणाच्या जलवाहिनीवर तो एकतीस वर्षं पहारेकरी होता. एवढं पाणी रोज शेजारून दुसऱ्यांच्या गावाला निघून गेलं की माणूस एक तर मुका होतो, नाहीतर पाण्यावर बोलायला लागतो. धाऊ बोलायला लागला.

"बोअरचं हाय," एक घोट तोंडात फिरवून तो म्हणतो. "यात डाळ शिजत नाय. डाळीची नुसती समजूत काढता तुमी."

नोकरीत असतानाही ड्यूटी संपली की तो शहापूर गाठायचा; निवृत्त झाल्यापासून तो आठवड्यातून तीनदा आटगावहून कुंडलिकच्या रिक्षातून शहापूरला येतो. महिन्यातून एकदा मुरबाडला जातो. काम काहीच नसतं. कुणी मंदिरात जातं, तसा तो गिऱ्हाईक म्हणून जातो. मुरबाडच्या एका परमिट रूमबद्दल त्याचं मत आहे की दारू खरी आहे पण शेंगदाणे गेल्या दिवाळीचे आहेत. एका चपलेच्या दुकानाबद्दल तो म्हणतो, "माल चांगला, पण दुकानदार पायाकडं बघून बोलतो. आपण वर कुठं हायच नाय जसे." आणि एका साडीच्या दुकानाबद्दल, "पन्नास साड्या उलगडतो, पण पंखा स्वताच्या डोक्यावर लावून बसतो. बाईला घाम फुटला की ती हाताला येईल ती साडी उचलते. हुशार माणूस हाय. जाऊ नका."

ही मतं कुंडलिकच्या रिक्षातून परत येतात. कुंडलिक धाऊचा शाळेपासूनचा दोस्त. त्याला स्वतःचं मत नाही, म्हणून तो धाऊचं चालवतो. मागे बसलेल्या बाईने विचारलं की पोरीसाठी ड्रेस कुठे घ्यावा, तर तो आरशात बघून सांगतो, "धाऊशेठ काय म्हणतात ते सांगू का?"

घरी मात्र धाऊ गप्प असतो. लहानपणी एकदा त्याने आंबील फार आंबट झालीय असं म्हटलं आणि आईने चुलीपुढूनच डाव फेकून मारला. "शिजवणारीचं तोंड बघ आणि खा!" त्या दिवसापासून घरच्या अन्नाला त्याने नाव ठेवलं नाही आणि त्याचं कौतुकही केलं नाही. सकुबाई लग्न होऊन आली तेव्हा वर्षभर तिला कळेना, की हा माणूस जेवतो की नुसता ताट रिकामं करतो. मग तिला युक्ती सापडली. घरी आमटी खारट झाली की धाऊ दुसऱ्या दिवशी शहापुरात कुणाच्या तरी आमटीवर तुटून पडायचा, आणि ते कुंडलिककडून संध्याकाळपर्यंत तिच्या कानावर यायचं. ती मीठ कमी करायची. बिचाऱ्या हॉटेलवाल्याची आमटी बहुतेक वेळा अगदी नीट असायची. असा त्यांचा संसार अठ्ठेचाळीस वर्षं चालला, रिक्षा येण्याआधी कुंडलिकच्या टांग्यातून.

गेल्या फाल्गुनात धाऊच्या सुनेने, प्रियांकाने, शहापूर रस्त्यावर एक गाळा भाड्याने घेऊन खानावळ काढली. चार टेबलं, स्टीलची ताटं, वालाचं बिरडं, सुकट, तांदळाची भाकरी. पहिला आठवडा बरा गेला. मग लोक विचारायला लागले, "धाऊ काय म्हणाला?" धाऊ काहीच म्हणाला नव्हता. तो खानावळीत गेलाच नव्हता. रिक्षा समोरून जाताना तो मान वळवून पलीकडच्या वीटभट्टीकडे बघायचा. तेवढ्यावरून लोकांनी काय ते ताडलं. ज्या माणसाला टपरीवरच्या चहाबद्दलही मत आहे, तो सुनेच्या जेवणावर बोलत नाही, म्हणजे काहीतरी भयंकर असणार. महिनाभरात चारपैकी तीन टेबलं रिकामी राहू लागली.

एका संध्याकाळी प्रियांकाने सासऱ्यापुढे ताट ठेवलं आणि हलली नाही.

"बाबा, तुमी खानावळीत का नाय येत?"

"हितं जेवतोच ना तुझ्या हातचं."

"हितं तुमी बोलत नाय."

"म्हणूनच तर."

"लोकं म्हणतात, सासरा पण जात नाय तिथं. अमावास्येपर्यंत गाळ्याच्या मालकाला सांगायचंय, ठेवते का सोडते. तुमी या. चांगलं नका बोलू. वाईट बोला. पण बोला!"

धाऊने ताट जवळ ओढलं. आतून सकुबाई म्हणाली, "गो, त्यांना जेवू दे आधी."

दुसऱ्या दिवशी रिक्षात पुढच्या सीटवर बसून धाऊने विचारलं, "कुंडलिक, घर कुठं संपतं रे?"

"उंबऱ्याला."

"मग सून?"

कुंडलिकने वळण घेतलं. "सून दोन्ही बाजूला असते. तुझं कठीण हाय."

"तू रस्त्याकडं बघ."

बुधवारी रेशनचं काम आटोपून भर दुपारी धाऊ खानावळीत शिरला. कुंडलिकने बाहेर रिक्षा लावली आणि चारही प्रवाशांना सांगितलं की पाच मिनिटं लागतील. प्रवासी उतरून दारात उभे राहिले. आत दोन ट्रकवाले जेवत होते, तेही थांबले. प्रियांकाने पाणी ठेवलं. धाऊने घोट फिरवला.

"विहिरीचं हाय," तो म्हणाला. "गाळलेलं. बरं हाय."

दारात कुणीतरी श्वास सोडला.

बिरडं आलं. "वाल सोललेत नीट. गूळ जास्त. पोरांना वाढायचं हाय का ट्रकवाल्यांना, ते ठरवा." प्रियांका मान डोलवत होती, तोंडावर हसू आणि डोळ्यांत पाणी एकदमच. लग्न होऊन आल्यापासूनच्या अकरा वर्षांत पहिल्यांदा तिला कळत होतं की तिच्या हाताला चव कसली आहे.

मग भाकरी आली. धाऊने कड मोडून तोंडात टाकली आणि त्याचं तोंड थांबलं.

ही भाकरी त्याच्या ओळखीची होती. मध्ये मऊ, फुगलेली, आणि कडेला कच्ची, ओलसर. रोज भाकऱ्या करणारी बाईजा त्या दिवशी माहेरी गेली होती आणि पडद्याआड परातीपाशी कोण बसलं होतं, हे प्रियांकाने त्याला सांगितलं नव्हतं. धाऊ हॉटेलात कधी भाकरी मागवत नसे. त्यामुळे भाकरीवरचं त्याचं मत शहापूरला ठाऊक नव्हतं, आणि म्हणून सकुबाईलाही नव्हतं.

"बोला ना धाऊशेठ," कुंडलिक दारातून म्हणाला. "माणसं उन्हात हायत."

धाऊने पडद्याकडे बघितलं. चांगली म्हणावं तर खोटं. गप्प बसावं तर सुनेचा गाळा जातो. एकदा ग्लास उचलला, खाली ठेवला.

"भाकरी," तो म्हणाला, "कडेला कच्ची हाय."

पडद्यामागे थापण्याचा आवाज बंद झाला.

"कधीपासून?" आतून सकुबाईचा आवाज आला.

धाऊने थोडा विचार केला. "अठ्ठेचाळीस वर्षं."

ट्रकवाल्याच्या नाकातून पाणी आलं. सकुबाई पिठाच्या हातांनी बाहेर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"सासूबाईंना दात नव्हते. त्यांना कडा मऊ लागायच्या. म्हणून मी तव्यावरून लवकर काढायची."

"आई जाऊन सव्वीस वर्षं झाली."

"मला काय ठावं, तुमाला पण तशीच आवडते का! तुमी तोंड उघडलं का कधी?"

"घरात कसं उघडू?"

"आता उघडलं ना? मग बसा!"

ती आत गेली. सगळ्यांना तव्याचा आवाज ऐकू येत होता. थोड्या वेळाने तिने स्वतः भाकरी आणून ताटात टाकली. कडा खरपूस, पापुद्रा सुटलेला, मधोमध तांबूस ठिपके. धाऊने तुकडा मोडला. खाल्ला. दुसरा मोडला. तिसरा मोडला.

"आता काय झालं?" सकुबाई म्हणाली.

"थांब. खातोय."

दारातले प्रवासी आत येऊन बसले. त्यातल्या बाईने सांगितलं, मला तसलीच भाकरी पाहिजे, कडक कडेची, दोन. एका म्हाताऱ्याने हळूच विचारलं, आधीची मऊ कडेची मिळेल का, मला दात नाहीत. कुंडलिक रिक्षा बंद करून आला आणि उभ्यानेच सुकट मागू लागला. सकुबाई पडद्याआडून ओरडली, "कडक किती, मऊ किती, नीट सांग गो!"

दोन वाजेपर्यंत चारही टेबलं भरली. धाऊ अजून बसलाच होता, चौथी भाकरी पुढे घेऊन, समोरच्या माणसाला वालात गूळ किती असावा ते समजावत. प्रियांका फडकं घेऊन त्याच्यापाशी आली.

"बाबा, झालं असंल तर उठा. माणसं उभी हायत."

धाऊने वर बघितलं. "गिऱ्हाईकाला उठवता होय? मुरबाडला पण असं करत नाय कुणी."

"सांगा सगळ्यांना," प्रियांका म्हणाली आणि त्याचं ताट उचललं.